कारे-कारे आणि येसर

मेसच्या पातळ आमटीला रोज नावं ठेवणाऱ्या तमाम मित्रमैत्रिणींनो, फिलिपाइन्समध्ये दाण्याच्या रश्शात चक्क मांस शिजवतात आणि सणासमारंभाला आवडीने खातात! त्याचं नाव कारे-कारे. गाईबैलाची शेपटी तासन्‌तास उकळायची, रस्सा दाण्याच्या वाटणाने आणि भाजलेल्या तांदळाच्या पिठाने दाट करायचा, सोबत वांगी, शेंगा, केळफूल. मीठ बेताचंच, कारण बाजूला आंबवलेल्या कोळंबीची खारट चटणी असते, बागूंग. 1762 ते 1764 या काळात मनिला इंग्रजांकडे होतं, तेव्हा मद्रासहून आलेल्या शिपायांनी 'करी' तिथे नेली आणि तिचंच हे झालं, असं काही जण सांगतात.

एवढं ज्ञान मला राणीसावरगावात, काकूच्या अंगणात मिळालं. माझा चुलतभाऊ जहाजावर इंजिन रूममध्ये ऑइलर आहे. (थर्मोत पहिल्या आलेल्यांपेक्षा त्याला इंजिन जास्त कळतं, हे आपलं जाता जाता.) सुट्टीवर आला आणि म्हणाला, "आज मी रांधणार." काकू माळकरी. त्यामुळे मटण बाहेर, तीन दगडांच्या चुलीवर, भांडीही वेगळी. मंगळवार-शुक्रवारी तर नावच काढायचं नाही, गाव रेणुकादेवीचं! शेपटीऐवजी बोकडाचं मटण, बागूंगऐवजी बाजारातल्या जवळ्याचा ठेचा. केळफूल मिळालं नाही, पण कुणाचं काही अडलं नाही.

मागच्या वर्षी काका गेले तेव्हा दादाचं जहाज भर समुद्रात होतं. तो घरी पोचला तोवर तेरावा होऊन गेला होता. आमच्याकडे हा विषय कुणी काढत नाही. मटण शिजत होतं, काकू ज्वारी निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "त्या दिशी जेवला व्हतास का रं?"

"दोन दिवस नाही. तिसऱ्या दिवशी फिलिपिनो कुकने हेच केलं. माझ्यासाठी वेगळं, कोंबडीचं." मग जरा थांबून म्हणाला, "सुतकात खाल्लं मी, आई."

काकू उठून आत गेली. मला वाटलं, आता रडणार. ती डबा घेऊन बाहेर आली आणि पातेल्यात डोकावून म्हणाली, "नुस्तं पानी झालंय."

डब्यात येसर होतं. आपल्या मराठवाड्यातल्यांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या पब्लिकसाठी सांगते. ज्वारी किंवा बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, खडे मसाले भाजून दळायचे. रश्शाला दाटपणा आणि चव दोन्ही येतं. म्हणजे तिकडच्या भाजलेल्या तांदळाच्या पिठाचंच काम की! इंजिनिअरच्या भाषेत, सोल्यूशन एकच, मटेरियल लोकल.

काकूने चव घेतली नाही, नुसता वास घेतला आणि दोन चमचे पीठ टाकलं. "ढवळ, खाली लागंल." रंग दादाला हवा तसा केशरी आला नाही, तपकिरी झाला. वाढताना तिने पहिली नळी त्याच्या ताटात टाकली आणि समोर बसून राहिली.

"त्या पोराचं नाव काय म्हनलास?"

दादाने सांगितलं. काकूने दोनदा म्हणून पाहिलं, जमलं नाही. मग "त्याला बी आई असंल," म्हणाली आणि भाकरी आणायला आत गेली.