पापणीचे केस

पानिपत हे नाव कानी पडताच मराठी माणसाच्या पापण्या ओलावतात, असा समज आहे. येथे बदलून आल्यावर आमच्याही ओलावल्या. मात्र शोकाने नव्हे, धुळीने. उन्हाळ्यात येथे लू वाहते, आंधी उठते. शिवाय देशोदेशींचे टाकाऊ लोकरी कपडे फाडून त्यांचे पुन्हा सूत करण्याचा या शहराचा मोठा धंदा. त्या आळीतून गेले की पापण्यांवर राखी थर बसतो.

आमच्या मुलखात गळलेला केस मुठीवर ठेवून, मनात इच्छा धरून, पोरे तो फुंकतात. त्यापलीकडे या केसांचा विचार आम्ही कधी केला नव्हता. वरच्या पापणीला ते साधारण शंभराच्या आगेमागे, खालच्या पापणीला त्याहून कमी. काही महिन्यांनी एकेक गळतो, त्याच्या जागी नवा येतो. केस निर्जीव, पण त्याचे मूळ अतिशय जागरूक. धुळीचा कण टोकाला शिवताच पापणी आपोआप मिटते. आपणांस मागाहून कळते.

2015 साली अमेरिकेतील जॉर्जिया टेक संस्थेच्या संशोधकांनी 22 सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या सुमारे एक-तृतीयांश भरली. या मापाचे केस वारा बाहेरच्या बाहेर वळवतात. डोळ्याचे सुकणे व त्यावर धूळ बसणे निम्म्यापर्यंत कमी होते. लांबी याहून वाढली, की तेच केस वारा डोळ्याकडे ओढून घेतात.

हे वाचून आम्हांस येथला काला आंब आठवला. 14 जानेवारी 1761 पूर्वीच्या त्या छावणीत फौजेबरोबर यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते, कुटुंबे होती. दिल्लीकडची रसद तुटली आणि त्या लांबलेल्या पसाऱ्यानेच उपासमार ओढवून घेतली. रक्षणालाही माप लागते.

चिंध्या फाडणाऱ्या यंत्रापाशी राबणाऱ्या मजुरांच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या दिसतात. त्यांनी आपले काम चोख केलेले असते. परंतु तोच बारीक तंतू श्वासावाटे आत जातो, आणि फुप्फुसाला पापणी नाही. डोळ्याच्या दारी निसर्गाने पहारा बसवला. श्वासाच्या वाटेवर तो पुरेसा नाही. तेथे धूळ खेचणारे पंखे आणि तोंडावर चांगली पट्टी हवी. तो पहारा बसवण्याचे काम माणसाचे, आणि त्यातही आम्हां सरकारी कागदांवर सह्या करणाऱ्यांचे. त्याकडे तरी आम्ही डोळेझाक करू नये.