वडाचा अर्ज

आमची उर्दू शाळा यवतमाळच्या एका जुन्या मोहल्ल्यात आहे. तिच्या मागच्या भिंतीला लागून एक वड आहे. तो कुणी लावलेला नाही. पाखरांनी बी टाकलं आणि ते भिंतीच्या सांदीत रुजलं. आता त्याची मुळं पाचवीच्या वर्गात शिरली आहेत. फळ्याच्या वर बोट जाईल एवढी भेग पडली आहे.

झाड काढा, असं सगळेच म्हणत. पण अर्जावर सही कुणी करायची, हा प्रश्न आला की स्टाफरूममध्ये सगळे गप्प होत. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, बबूल होता तो कल कटा देते. ये बड़ है." पुढचं त्यांना बोलावं लागलं नाही. पलीकडच्या गल्लीतल्या बाया दर वटपौर्णिमेला याच वडाला सूत गुंडाळतात. 'उर्दू शाळेनं वड तोडला' एवढं एकच वाक्य गावात फिरलं, तर भेगेची गोष्ट कोण ऐकून घेणार?

खरं तर हा वड दोन्हीकडचा. 2025 साली 7 जूनला बकरी ईद होती आणि 10 जूनला वटपौर्णिमा. आधी आमची पोरं बकऱ्यांसाठी पाला ओरबाडून नेत होती, मग तीनच दिवसांनी त्याच बुंध्याला पांढरं सूत.

माझ्या मनात मात्र पारस होतं. अकोला जिल्ह्यातल्या या गावी 9 एप्रिल 2023 च्या संध्याकाळी वादळात देवस्थानाजवळचा मोठा कडुनिंब टिनाच्या शेडवर कोसळला. आडोशाला थांबलेली सात माणसं गेली. त्याआधी जुलै 2022 मध्ये चंदीगडच्या एका शाळेत जुना पिंपळ मुलींवर पडला होता, त्यात एक विद्यार्थिनी गेली. तो पिंपळ तर जतन करायच्या यादीतला होता. झाड पडताना आपण कुणाचं, हे बघत नाही.

एकाने सुचवलं, बुंध्याला भोकं पाडून औषध ओता, आपोआप वाळेल. अशी अक्कल फुकट मिळते. वाळलेल्या वडाच्या फांद्या ठिसूळ होऊन वर्गावरच यायच्या. नुसता बुंधा कापला, तर भिंतीतल्या मुळांना पुन्हा धुमारे फुटतात. शिवाय आपली माती काळी, कापसाची. उन्हाळ्यात झाड तिच्यातलं पाणी ओढतं, ती आकसते आणि भिंत तडकते. झाड एकदम काढलं, तर तीच माती पाणी पिऊन फुगते आणि पाया उचलते. म्हणून आधी इंजिनिअरला दाखवायचं, मग शेंड्याकडून फांदी-फांदी दोराने उतरवायची. सागवान असतं तर ठेकेदार पैसे देऊन घेऊन गेला असता. वडाचं लाकूड कोण विचारतो!

आणि परवानगी हवीच. शहरात आपल्या आवारातलं झाडही परस्पर तोडता येत नाही, 1975 चा कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं. तोडलंच तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात.

सही मागण्याआधी मी पलीकडच्या गल्लीतल्या आजीकडे गेलो. वटपौर्णिमेला पुढे त्याच असतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तोडा ना गुरुजी. लेकराईच्या डोक्शावर पडलं तं सूत काय कामाचं? पन एक फांदी मले द्या. देवळामांगं लावतो." मग स्वतःहूनच म्हणाल्या, "कागद आना, पयली सही मी करतो."

वय विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माह्या लग्नाच्या साली हातभर होता." लग्न 1968 चं. म्हणजे झाड वारशात गेलं! एक सहकारी म्हणाले, पंचेचाळीस लिहा, कोण मोजायला येतं? मी 'सुमारे 57 वर्षे' लिहिलं. ज्या बाईने पहिली सही केली, तिचीच साक्ष खोटी कशी पाडायची?

अर्जावर अकरा सह्या आहेत, सहा इकडच्या, पाच तिकडच्या. तो गेला आहे, पाहणी व्हायची आहे. तोवर आम्ही 57 झाडांसाठी जागा शोधतो आहोत. मैदानात नऊ मावतात, कब्रस्तानच्या कुंपणालगत वीस. बाकीची देवळामागं लावा, असं आजी म्हणतात, पण त्या जागेला पाणी नाही. पाचवीचा वर्ग सध्या व्हरांड्यात भरतो.