दाबाची कॉफी

आमच्याकडे चहाला वेळकाळ नाही. कॉफीला मात्र निमित्त लागते. एकादशी असावी, परीक्षेची रात्र असावी, नाहीतर पाहुण्यांनी तरी "चहा सोडलाय" म्हणावे. तीही दुधातली, गोड आणि वर जायफळ किसलेली. अशा घरात मी एस्प्रेसोचे नाव काढले, तेव्हा आजीने विचारले, "लग्नात मिळते तीच ना रे?"

आजीचे काही चुकले नव्हते. आपल्याकडे एस्प्रेसो म्हणजे मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यातले ते फुसफुसणारे यंत्र! साखरेबरोबर घोटलेली इन्स्टंट कॉफी, दूध, त्यात खुपसलेली वाफेची नळी आणि वर चॉकलेटची भुकटी. खरी एस्प्रेसो इटलीची. १९०१ साली लुईजी बेझेरा यांनी वाफेच्या दाबावर झटपट कॉफी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिल्ले गाज्जा यांच्या यंत्राने वाफेऐवजी दट्ट्याने दाब वाढवला आणि कपावर सोनेरी फेस आला. आज वातावरणाच्या सुमारे नऊपट दाबाने, पंचवीस-तीस सेकंदांत, दोन घोट कॉफी उतरते. एवढ्या दोन घोटांसाठी एवढा खटाटोप!

दादा मुंबईला नोकरीला. त्याला या दोन घोटांची चटक लागलेली. गणपतीला आला तेव्हा म्हणाला, "घरी यंत्रच घेऊ या." मला वाटले, आई किंमत विचारील. आईने वजन विचारले.

खेडच्या बाजारपेठेत राहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. २२ जुलै २०२१ रोजी जगबुडी घरात शिरली, तेव्हा आमचा फ्रीज स्वयंपाकघरात आडवा तरंगत होता. मिक्सर दोन दिवसांनी चिखलात सापडला. वाचले ते माळ्यावर चढवता आले तेवढेच : देव, तांदळाचा डबा, कागदपत्रांची पेटी. तेव्हापासून आईचा नियम आहे की, एका हाताने माळ्यावर नेता येणार नाही, अशी नवी वस्तू घरात आणायची नाही. दादाच्या मनातले यंत्र या परीक्षेत नापास झाले. शिवाय ते विजेवर चालणार, आणि आमच्याकडे पहिल्या सरीबरोबर वीज जाते.

मग मी शिकवण्यांच्या पैशांतून मोका पॉट घेतले. १९३३ साली इटलीत आल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून बाहेर पडलेले हे भांडे म्हणजे कुकरचा धाकटा भाऊच. खाली पाणी, मध्ये कॉफीची गाळणी, वर रिकामे भांडे. खाली वाफ कोंडली की पाणी कॉफीतून वर चढते. दाब नऊपट नाही, कुकरच्या जवळपासचा. म्हणून फेस येत नाही आणि हिला काटेकोरपणे एस्प्रेसो म्हणता येत नाही. पण कडकपणात ती एस्प्रेसोची सख्खी बहीण शोभते. पाणी झडपेच्या खालीच ठेवावे, पूड दाबू नये, आच मंद असावी आणि गुरगुर सुरू होताच भांडे उतरावे. एवढे पाळले की कडवटपणा आटोक्यात राहतो.

उरलेले पैसे मी हातचक्कीवर घातले. थोड्या पैशांत चांगली कॉफी हवी असेल, तर खर्च भांड्यावर कमी आणि दळण्यावर जास्त करावा, हे माझे ठाम मत आहे. मिक्सरमध्ये बियांचे काही पीठ होते, काही कणी राहते. पीठ कडू उतरते, कणी आंबट. चक्कीत दळण एकसारखे पडते. चिकमंगळूरच्या भाजलेल्या बिया थोड्या थोड्या मागवाव्यात आणि लागतील तेवढ्याच दळाव्यात. आमच्या पावसाळ्यात उघड्या पुडीचा दोन दिवसांत गोळा होतो.

चक्कीचा दांडा पहिल्यांदा आजीनेच मागून घेतला. "जात्यापेक्षा हलकी आहे," म्हणाली आणि मूठभर बिया दळून मोकळी झाली. कॉफी मात्र तिला कडू लागली. तिने त्यात दूध ओतले, साखर घातली आणि वर जायफळ किसले. मी एक घोट घेऊन पाहिला. इटलीतल्या जाणकारांची क्षमा मागून सांगतो, जायफळ तिला शोभते.

भांडे आणि चक्की दोन्ही एका कापडी पिशवीत मावतात. जूनपासून ती पिशवी आईने माळ्याच्या शिडीजवळच्या खुंटीला टांगली आहे.