मैंदर्गीची आत्या आणि लाल बूट

मला एक वाईट खोड आहे. बॅले नाचणाऱ्या नायिकांच्या प्रेमकथा मी अधाशासारख्या वाचते. (हसलात तरी चालेल!) सॅटिनचे बूट, सोललेले अंगठे, कडक शिक्षक आणि शेवटी तो ठरलेला प्रश्न: नाच की प्रेम?

या सगळ्या गोष्टींची आजी शोभेल असा सिनेमा म्हणजे १९४८ चा 'द रेड शूज'. त्यातली नर्तिका व्हिकी. बॅले कंपनीचा मालक म्हणतो नाच, नवरा म्हणतो माझ्याबरोबर चल. या ओढाताणीत शेवटी तिचा जीव जातो. त्यानंतर सातच वर्षांनी, १९५५ मध्ये, आपल्या व्ही. शांतारामांनी 'झनक झनक पायल बाजे' काढला. तिथेही तेच. प्रेमामुळे गिरधरची साधना भंगेल म्हणून नीलाच त्याच्यापासून दूर होते. नशीब की शेवटी दोघं पुन्हा एकत्र नाचतात. गिरधर झालेले गोपीकृष्ण मुरलेले कथक नर्तक. त्यांच्यासमोर उभं राहण्यासाठी संध्याबाईंनी किती घाम गाळला असेल, ते पडद्यावर दिसतंच.

हा सिनेमा मी पहिल्यांदा आत्याबरोबर पाहिला, टीव्हीवर. आत्या मैंदर्गीची. अक्कलकोटहून दुधनीकडे जाताना लागतं ते गाव. घरात मराठी, दारात कानडी. सुट्टीत गेलं की कडक भाकरी, शेंगाचटणी आणि आत्याची बडबड. पण त्या दिवशी सिनेमा संपेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. पदराखाली तिची बोटं मात्र गुडघ्यावर ताल धरत होती.

नंतर आईकडून कळलं, की आत्या लहानपणी सोलापुरात मामाकडे राहून तीन वर्षं नाच शिकली होती. सतराव्या वर्षी लग्न झालं आणि ते संपलं. मग काय, माझ्या डोक्यात कादंबरी तयार! आत्यानं मामांसाठी नाच सोडला. केवढा त्याग, केवढं प्रेम! कितीतरी वर्षं ही गोष्ट मी मैत्रिणींना रंगवून सांगत आले.

गेल्या दिवाळीत मैंदर्गीला गेले होते. आत्या आता ऐंशीची आहे. ट्रंक आवरताना तळाशी जुन्या खणात गुंडाळलेले घुंगरू निघाले. दोरी कुजलेली, घुंगरू काळे पडलेले. मी लाडात येऊन म्हटलं, "आत्या, मामांसाठी सोडलंस ना गं सगळं?"

ती घुंगरू पुसत राहिली. मग म्हणाली, "सोडायला आधी कुणी विचारावं लागतं की गं. मला कुणी विचारलंच न्हाई. तुझे मामा चांगले होते, पन त्यांना ठाऊकच नव्हतं मी नाचत होते म्हनून."

चाळीस वर्षांचा संसार, आणि त्या माणसाला हे ठाऊक नव्हतं! "सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. "सांगून काय केलं असतं?" एवढंच म्हणून तिनं ट्रंक बंद केली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. व्हिकीला निदान दोन दारं दिसली होती. नीलानं स्वतः ठरवून पाऊल मागे घेतलं. आमच्या आत्याच्या गोष्टीत तो प्रश्नच नव्हता. आणि मी मात्र तिच्या न विचारलेपणाला त्याग म्हणत फिरत होते, कारण तसं म्हटलं की ऐकायला गोड वाटतं.

त्या प्रेमकथा मी अजूनही वाचते, खोड जाणार थोडीच! पण आता शोध वेगळा आहे. कार्यक्रम संपवून नायिका रात्री उशिरा घरी येते, नवऱ्यानं आमटी गरम करून ठेवलेली असते, आणि तो विचारतो, "आज कसं झालं गं?" बास. अशी कादंबरी कुणी वाचली असेल तर कळवा. आत्याला वाचून दाखवायची आहे.