शेकडा कशाचा?

सोमवार, 14 जुलै 2025

वाचनालयाच्या मागच्या खोलीतला संध्याकाळचा वर्ग आजपासून पुन्हा सुरू झाला. सगळी पहिल्या वर्षाची मुलं. कुणी बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलंय, कुणी बी.कॉम.च्या संख्याशास्त्रात अडलंय, तर बी.एस्सी.ची काही मुलं जीवशास्त्र घेतलं म्हणजे गणित सुटलं अशा समजुतीने वर्षभर निर्धास्त होती. तालुक्याच्या गावात तीन विषयांचे तीन क्लास कुणाला परवडत नाहीत, म्हणून सगळे एकाच फळ्यासमोर बसतात. मला ही सरमिसळ मनापासून आवडते.

पहिला प्रश्न नेहमीचाच आला, "मॅडम, याला फॉर्म्युला कोणता?" म्हटलं, सूत्र नंतर. आधी हे बघा. एका महाविद्यालयात शंभर विद्यार्थी, त्यांत 60 टक्के मुली. मुलींपैकी 40 टक्के वसतिगृहात राहतात. तर वसतिगृहात राहणाऱ्यांपैकी मुली किती टक्के?

उत्तरं भराभर आली. 40, 24, 60. एक मुलगी मात्र बराच वेळ वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मुलगे किती राहतात ते दिलंच नाहीये." तेच बरोबर होतं. वसतिगृहात 24 मुली आहेत, पण छेदात घालायला वसतिगृहातले सगळे हवेत. मुलग्यांपैकी 10 टक्के राहत असतील तर ते झाले 4. मग 28 पैकी 24, म्हणजे साधारण 86 टक्के.

फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहून ठेवले: शेकडा कशाचा? ते सेमिस्टर संपेपर्यंत पुसायचे नाहीत, असं ठरलं.

गुरुवार, 17 जुलै

मागणीची लवचिकता. आल्फ्रेड मार्शल यांच्या 1890 च्या ग्रंथाने ही कल्पना अर्थशास्त्रात पक्की केली. आमच्याकडे ती कांद्यावरच शिकवावी लागते. लासलगाव जवळ आहे, आणि निम्म्या मुलांच्या घरी कांद्याची चाळ आहे.

उदाहरण असं घेतलं. भाव किलोला 20 रुपये असताना गावात आठवड्याला 50 क्विंटल कांदा खपतो, 30 रुपये झाला की 40 क्विंटल. भाव 50 टक्के चढला, खप 20 टक्के उतरला, लवचिकता 0.4. मग म्हटलं, आता उलट्या दिशेने या. 30 वरून 20, म्हणजे भाव 33 टक्के उतरला. 40 वरून 50, खप 25 टक्के वाढला. लवचिकता 0.75. तेच दोन बिंदू, तीच माणसं, आणि उत्तरं दोन? मुलं चक्रावली. नंतर एकाने वर कोपऱ्याकडे बोट दाखवलं. जाताना शेकडा 20 चा होता, येताना 30 चा झाला. म्हणून दोन्ही टोकांची सरासरी छेदात घेतात. तशी घेतली की दोन्ही बाजूंनी 0.56 येते. पुस्तकात ही मध्यबिंदू पद्धत एका चौकटीत दिलेली असते आणि मुलं ती पाठ करतात. ती का लागली, हे कळल्यावर पाठ करावी लागत नाही.

निफाडकडचा मुलगा थांबला होता. म्हणाला, "मॅडम, 50 क्विंटलचे होतात एक लाख, आणि 40 चे एक लाख वीस हजार. म्हणजे माल जास्त आला की पैसा कमी?" होय. लवचिकता एकापेक्षा कमी असते तेव्हा असंच होतं. भरघोस पीक आलेल्या वर्षी शेतकरी का रडतो, याचं निम्मं उत्तर या दोन ओळींत आहे. "मग वडील दरवर्षी कांदाच का लावतात?" कारण त्यांचे वीस-पंचवीस क्विंटल बाजाराच्या लाखो क्विंटलांच्या छेदात काहीच नाहीत. त्यांनी एकट्याने कमी लावला तर भाव तसूभर हलणार नाही, नुकसान मात्र त्यांचंच होईल. प्रत्येकाचा हिशेब बरोबर असतो, आणि सगळ्यांचे हिशेब एकत्र आले की भाव कोसळतो. तो मुलगा वही मिटून गेला, पण चेहऱ्यावर विचार होता. घरी आज या विषयावर बोलणं होईल.

मंगळवार, 22 जुलै

मेंडेल यांचा जन्म जुलैतलाच, 1822 चा. त्यांचा वाटाण्यांवरचा निबंध 1866 साली छापून आला आणि जगाने त्याची दखल घेतली थेट 1900 साली. आज त्यांचे खरे आकडे फळ्यावर मांडले. संकरानंतरच्या दुसऱ्या पिढीत 7,324 दाणे: 5,474 गोल, 1,850 सुरकुतलेले.

बी.एस्सी.च्या मुलांनी लगेच "तीनास एक" म्हटलं. बी.कॉम.वाल्यांना विचारलं, अगदी तीनास एक आहे का? त्यांनी भागाकार केला, 2.96 आला. मग हा फरक मनावर घ्यायचा की सोडून द्यायचा? इथे काय-वर्ग कसोटी आली. अपेक्षित दाणे 5,493 आणि 1,831, दोन्हीकडे फरक 19 चा. 19 चा वर्ग 361. तो दोन्ही अपेक्षित संख्यांनी भागून बेरीज केली, 0.26. पाच टक्के पातळीची मर्यादा 3.84. म्हणजे एवढी तफावत निव्वळ योगायोगानेही सहज येते, तीनास एकला धक्का लागत नाही. जीवशास्त्राच्या मुलांना कसोटी कशासाठी असते ते कळलं, वाणिज्यच्या मुलांना दाण्यांची गोडी लागली.

खरी मौज पुढे होती. गोल दाण्यांपैकी संकरित किती? बहुतेकांनी निम्मे म्हटलं. चौकोन काढा: चारपैकी एक शुद्ध गोल, दोन संकरित, एक सुरकुतलेला. सगळ्यांत संकरित निम्मे खरेच. पण प्रश्न गोल दाण्यांचा आहे, सुरकुतलेला छेदातून बाहेर गेला. उरले तीन, त्यांत दोन संकरित. दोन-तृतीयांश. मेंडेल यांनी हे पेरून पाहिलं होतं. गोल दाण्यांपासून वाढवलेल्या 565 झाडांपैकी 193 झाडांना फक्त गोल दाणे आले, 372 ना दोन्ही प्रकारचे. 372 भागिले 565 म्हणजे 0.66. ब्रनो इथल्या मठाच्या बागेत एका माणसाने सशर्त संभाव्यता मातीत रुजवून मोजली. हे मुलांना सांगताना मला दरवर्षी तितकाच आनंद होतो.

बुधवार, 30 जुलै

बेझचा नियम. थॉमस बेझ 1761 साली वारले, त्यांचा निबंध 1763 मध्ये त्यांच्या स्नेह्याने, रिचर्ड प्राइस यांनी, प्रसिद्धीस दिला. पुस्तकातलं सूत्र लांबलचक आहे आणि मुलं त्याला घाबरतात. मी सूत्र बाजूला ठेवते आणि माणसं मोजायला लावते.

दहा हजार लोक. आजार शंभरात एकाला, म्हणजे 100 जण आजारी. चाचणी आजारी माणसांपैकी 90 टक्क्यांना पकडते: 90 जण. निरोगी 9,900, त्यांतल्या 5 टक्क्यांना ती चुकून आजारी ठरवते: 495 जण. चाचणी 'पॉझिटिव्ह' आलेले एकूण 585. त्यांत खरोखर आजारी 90. शेकडा पंधरा.

खोलीत शांतता पसरली. "नव्वद टक्के अचूक चाचणी आणि पंधराच?" नव्वद हा आजारी माणसांचा शेकडा होता, पंधरा हा पॉझिटिव्ह आलेल्यांचा. दोन्ही खरे आहेत. रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या माणसाला दुसरा हवा असतो आणि जाहिरातीत पहिला छापलेला असतो. म्हणून एका चाचणीवर न थांबता दुसरी, अधिक नेमकी चाचणी करतात.

शुक्रवार, 8 ऑगस्ट

वर्ग सुटल्यावर सुरगाण्याकडची एक मुलगी थांबली. वसतिगृहावर राहते, अबोल आहे. तिच्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे. वही उघडून तिने चौकोन दाखवला: आई वाहक, वडील वाहक. "मॅडम, मी वाटाण्यासारखी गोल आहे ना? मग मी दोन-तृतीयांश?"

मी तिला शेजारी बसवलं. हो, हिशेब बरोबर आहे. तू आजारी नाहीस, म्हणून चौथा कप्पा गेला. तीनांत दोन शक्यता वाहक असण्याच्या. पण हा आकडा तपासणीआधीचा आहे. तपासणी झाली की दोन-तृतीयांश संपतं, तू वाहक आहेस किंवा नाहीस. विरघळण्याची साधी चाचणी फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते, वाहक आणि रुग्ण वेगळे ओळखत नाही. त्यासाठी पुढची चाचणी लागते, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. आणि वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे तिला दोनदा सांगितलं. दोघे वाहक लग्न करतात तेव्हा प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता, हे मात्र आधी माहीत असलेलं बरं. 1 जुलै 2023 ला केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. तिला सरकारी रुग्णालयात जायला सांगितलं, सोबत मी येते म्हटलं.

रात्री दुसऱ्या दिवशीचं उदाहरण काढलं. 1908 साली हार्डी नावाच्या इंग्रज गणितज्ञाने आणि वाइनबर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरने एकमेकांना न कळता मांडलेला नियम. समजा चारशे बालकांत एकाला असा आजार आहे. मग त्या जनुकाचं प्रमाण विसात एक, आणि वाहक 9.5 टक्के. चारशेंत रुग्ण एक, वाहक 38. रुग्ण डोळ्यांना दिसतात, वाहक हिशेबातून दिसतात. हे उदाहरण आमच्या भागात परीक्षेपुरतं नाही.

मंगळवार, 19 ऑगस्ट

आज पा. वा. सुखात्मे यांची गोष्ट सांगितली. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी 1911 साली जन्म, फर्ग्युसनमध्ये शिक्षण, पुढे लंडनला संख्याशास्त्र. परत येऊन त्यांनी पीक कापणी प्रयोगांना शास्त्रीय नमुना निवडीचा पाया दिला. 1940 च्या दशकात वाद असा होता की शेतातला किती मोठा तुकडा कापून उत्पन्नाचा अंदाज करायचा. लहान तुकडे स्वस्त आणि झटपट. सुखात्मे यांनी दाखवून दिलं की फार लहान तुकड्यांतून उत्पन्न फुगून येतं.

का? मुलांना हद्द काढायला लावली. हद्दीवरचं रोप आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. धान्य वाढतं, छेदातलं क्षेत्रफळ तेवढंच राहतं. आता वर्तुळाचा परीघ क्षेत्रफळाने भागा: त्रिज्या 2 असेल तर 1 येतो, 10 असेल तर 0.2. तुकडा जितका लहान तितकी त्याला हद्द जास्त.

तेवढ्यात मागच्या बाकावरून बी.एस्सी.चा मुलगा ओरडला, "मॅडम, ही तर पेशी!" त्याच्या पुस्तकात कालच होतं: एक एकक बाजूच्या घनाला सहास एक पृष्ठभाग, दहा एककांच्या घनाला 0.6. म्हणून पेशी लहान असते, तिला आत-बाहेर देवाणघेवाणीला पृष्ठभाग पुरतो. शेतात जे गुणोत्तर फसवतं तेच पेशीला जगवतं. हे मी शिकवलेलं नव्हतं. तीन विषय एका खोलीत बसवल्याचं सार्थक झालं.

गुरुवार, 4 सप्टेंबर

गणपतीची सुट्टी असूनही निम्मे आले. महागाईचं उदाहरण: दर 6 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आला, तर भाव उतरले का? निर्देशांक 100 चा 106 झाला, मग 106 वर 4 टक्के म्हणजे 110.24. भाव चढलेच, चढण्याचा वेग कमी झाला. आधारवर्षाला शंभर धरलेलं असतं, वार्षिक दर मात्र मागच्या वर्षावर काढलेला असतो. पेपरातली बातमी वाचताना हे दोन छेद वेगळे ठेवता आले पाहिजेत.

दोघांनी मोबाइलवरून तयार उत्तरं उतरवून आणली होती. पायऱ्या नीटनेटक्या, उत्तरही बरोबर. रागावले नाही. एवढंच म्हटलं, उत्तराखाली एक वाक्य मराठीत लिहा: हा आकडा कशाबद्दल आहे, कशाच्या तुलनेत आहे. दोघांनाही ते लिहिता येईना. मग शेजारी बसून पहिल्यापासून केलं, आणि तासाभरात आलं.

शुक्रवार, 12 सप्टेंबर

अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिका मुलांनी दाखवायला आणल्या. सूत्राला गुण, किंमती भरण्याला गुण, उत्तराला गुण. अर्थाला कुठेच गुण नाहीत. मुलं गुण जिथे मिळतात तिथेच कष्ट करतात, त्यांना दोष देता येत नाही.

म्हणून हे पान माझ्यासारख्या शिकवणाऱ्यांसाठी लिहिते आहे. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक उदाहरणात दोन गुण शेवटच्या वाक्याला ठेवा. अर्थशास्त्राच्या मुलाला वाटाणे मोजू द्या, जीवशास्त्राच्या मुलीला बाजारभाव काढू द्या. यातली बहुतेक मुलं अर्थतज्ज्ञ होणार नाहीत, संख्याशास्त्रज्ञही नाहीत. पण प्रत्येकाच्या हातात कधी ना कधी रक्ततपासणीचा रिपोर्ट येईल, कर्जाचा कागद येईल, बाजारसमितीची पट्टी येईल. तेव्हा सही करण्याआधी, घाबरण्याआधी किंवा हुरळून जाण्याआधी त्यांनी विचारावं, शेकडा कशाचा? एवढं जमलं तर पहिल्या वर्षाचा अभ्यास पुरा झाला, असं मी मानते.