चुऱ्याची बाजू

भूऔष्णिक विहिरीच्या रिगवर आलेला पाहुणा हमखास कोअरच्या पेटीपाशी रेंगाळतो. कोअर म्हणजे जमिनीच्या पोटातून सलग कापून काढलेला खडकाचा दंडगोल. तो हातात धरता येतो, त्याच्यासोबत फोटो काढता येतो. शेजारच्या ट्रेमधल्या ओल्या, करड्या चुऱ्याकडे कुणी वळत नाही. माझं काम मात्र मुख्यतः त्या चुऱ्यावर चालतं आणि त्याची बाजू मला मनापासून मांडायची आहे.

बिटने, म्हणजे खोदाईच्या पात्याने, फोडलेला खडक ड्रिलिंगच्या चिखलाबरोबर वर येतो आणि शेकरच्या हलत्या जाळीवर पडतो. आम्ही त्याला कटिंग्ज म्हणतो. आइसलँडमध्ये साधारण दर दोन मीटरला नमुना घेण्याची रीत आहे. तो धुवायचा, बशीत पसरायचा आणि तांदूळ निवडावेत तसे सूक्ष्मदर्शकाखाली कण वेगळे करायचे. चिखलाला वर यायला वेळ लागतो, त्यामुळे आत्ता जाळीवर पडलेला कण कोणत्या खोलीचा, हा हिशेब सतत डोक्यात चालू ठेवावा लागतो. वाटेत वरच्या भिंतीचे ढलपे त्यात मिसळतात, मऊ चिकणमाती धुपून जाते. आणि नेमकी ती मातीच आमचा तापमापक असते! ती स्मेक्टाइट प्रकारची असेल तर तापमान २०० अंश सेल्सिअसच्या खाली. त्याहून तापलेल्या खडकात क्लोराइट येतो. पिस्ता रंगाचा एपिडोट हे खनिज सलग दिसू लागलं की खडकाने साधारण २५० अंश पाहिले आहेत असं म्हणायचं. पाहिले आहेत, एवढंच. आज तिथे तेवढी उष्णता आहे की नाही, हे तो हिरवा कण सांगत नाही.

इथे कोअरची गरज लागते. चुऱ्यात एपिडोट आणि कॅल्साइट ही दोन्ही खनिजं सापडतात, पण आधी कोण आणि नंतर कोण, ते समजत नाही. कोअरमध्ये कॅल्साइटची शीर एपिडोटच्या शिरेला छेदून गेलेली दिसली, की कॅल्साइट नंतरचा हे ठरतं आणि क्षेत्र पुढे थंडावलं का, हा प्रश्न विचारता येतो. भेगेची रुंदी, तिचा कल, खडकाची सच्छिद्रता, सगळं कोअरवर मोजता येतं. किंमतही तशीच. साध्या पद्धतीने कोअर घ्यायचा तर पाइपांची अख्खी माळ बाहेर काढायची, कोअर बॅरल लावून पुन्हा खाली सोडायची, काही मीटर कापून पुन्हा वर ओढायची. तेवढा वेळ रिगचं भाडं चालूच. दोरीने आतली नळी ओढून काढायची वायरलाइन पद्धत झटपट आहे, पण तिचं भोक अरुंद. शोधविहिरीला ते चालतं, उत्पादनाच्या विहिरीला नाही.

खरी कसोटी भेगाळ थरात. विहीर ज्यासाठी खोदायची, ते गरम पाणी तिथेच असतं, आणि तिथेच चिखल भेगांत शिरून नाहीसा होतो. चुरा वर येत नाही. कोअर घ्यावा तर तुटका खडक बॅरलमध्ये अडकतो नाहीतर निसटून जातो. आइसलँडच्या रेक्यानेस इथली आयडीडीपी-२ ही विहीर २०१७ च्या जानेवारीत ४,६५९ मीटरवर पोचली, पण तिच्या खालच्या भागात चिखल परतलाच नाही. त्या खोलीचं जे काही आपल्याला ठाऊक आहे, ते मुख्यतः थोड्याशा कोअरमुळे. सगळे तुकडे मिळून तीस मीटरही भरत नाहीत. उलट, २००९ मध्ये क्राफ्ला इथे आयडीडीपी-१ सुमारे २,१०० मीटरवर मॅग्मात शिरली, तेव्हा जाळीवर काचेचे कण आले. वितळलेला खडक चिखलाने गारठून झालेली ती काच होती. खाली काय लागलं, हे चुऱ्याने सांगितलं.

म्हणून दोन्हींत श्रेष्ठ कोण, हा वाद मला निरर्थक वाटतो. चुरा अखंड वाचत गेलो तरच कोअर कुठे घ्यायचा ते कळतं. खोदाईआधी कागदावर ठरवलेल्या खोलीवर घेतलेला कोअर बहुधा आपल्याला आधीच माहीत असलेलं सांगतो.

लडाखमधल्या पुगा खोऱ्यात आपल्याकडच्या भूऔष्णिक विहिरींचं काम पुन्हा हाती घेतलं गेलं आहे. तिथे किंवा आणखी कुठे रिगवर जाणाऱ्या मराठी मुलामुलींना माझं सांगणं आहे: कोअरची जागा चुऱ्याला विचारून ठरवा, आणि प्रत्येक नमुना धुण्याआधी त्यातला मूठभर तसाच पिशवीत भरून, खोली लिहून ठेवा.