महालक्ष्मीच्या वाटेवरचे पाणी

डहाणूच्या महालक्ष्मीला जायचे सासूबाईंच्या मनात दोन वर्षांपासून होते. चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याला देवीची मोठी यात्रा भरते. पण त्या गर्दीत त्यांचे गुडघे टिकणार नाहीत, म्हणून यात्रा सरल्यावर वैशाखात निघालो. पहाटे निघायचे ठरले होते. डबे भरता भरता साडेनऊ वाजले आणि चारोटीला पोहोचेपर्यंत सूर्य डोक्यावर आला!

चारोटी म्हणजे मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचा नाका. इथून पश्चिमेला डहाणू, पूर्वेला कासा आणि जव्हार. देवीचे देऊळ महामार्गालगतच, थोडे पुढे. नाक्याच्या आसपास आमचा सातवीतला चिरंजीव ओरडला, "आई, रस्त्यावर पाणी!"

खरेच, पुढे रस्ता चमकत होता. पुढच्या ट्रकची उलटी सावलीसुद्धा त्यात हलत होती. सासूबाई म्हणाल्या, "अगं, टँकर सांडला वाटतं." आम्ही पुढे जावे तसे पाणीही पुढे सरके.

मी ऐटीत सांगितले, "मृगजळ आहे ते. तहानलेल्या मनाला होणारा भास." शाळेत अर्धवेळ शिकवते ना, उत्तर तयारच असते!

रसवंतीपाशी गाडी थांबली. चिरंजीवांनी वडिलांच्या मोबाइलवर त्या पाण्याचा फोटो काढला आणि माझ्यापुढे धरला. फोटोतही पाणी! "आई, मोबाइलला कुठं तहान लागते?"

मी गप्प. हेच उत्तर मी मागच्या वर्षी अख्ख्या वर्गाला दिले होते. मी पडले बी. ए.ची, तरी चूक ती चूकच. घरी आल्यावर आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या बाईंना गाठले, तेव्हा उलगडा झाला.

उन्हात रस्ता तापतो, त्याला टेकलेली हवाही तापून विरळ होते. वरची हवा त्या मानाने थंड आणि दाट. विरळ हवेत प्रकाश किंचित अधिक वेगाने जातो. शाळेच्या कवायतीत मुलींची रांग वळताना आठवा. एका टोकाच्या मुली भरभर आणि दुसऱ्या टोकाच्या सावकाश चालल्या, की रांग सावकाश चालणाऱ्यांच्या बाजूला वळते. तसेच प्रकाशाचे. आकाशाकडून तिरपा खाली येणारा प्रकाश रस्त्याजवळ खालच्या बाजूने भरभर जातो, म्हणून वर वळतो आणि आपल्या डोळ्यांत शिरतो. डोळ्यांना मात्र वाटते, तो सरळच आला. म्हणून आकाशाचा तुकडा रस्त्यावर पडलेला दिसतो. तापलेली हवा हलत असते, म्हणून तो लाटांसारखा थरथरतो. पाणी खोटे, पण प्रकाश खरा. म्हणूनच फोटो निघतो. ते पाणी आहे, हा अंदाज तेवढा आपल्या मनाचा.

हे वळणे अगदी थोडे असते. त्यामुळे रस्त्याला जवळजवळ समांतर येणारा प्रकाशच असा वळतो आणि मृगजळ लांबच दिसते. आपण पुढे गेलो की तेही पुढे. खाली बसून पाहिले तर ते जवळ आल्यासारखे वाटते, उंचावरून पाहिले तर नाहीसे होते. 1798 मध्ये नेपोलियनबरोबर इजिप्तच्या वाळवंटात गेलेल्या गास्पार मोंज या फ्रेंच शास्त्रज्ञाने याचा उलगडा मांडला होता. म्हणजे मला सव्वादोनशे वर्षे उशीर झाला म्हणायचा!

दर्शन छान झाले. परतताना जरा कासाच्या बाजूला गेलो, तर डोईवर हंडे घेतलेल्या बाया उन्हातून चाललेल्या. सासूबाई एकदम म्हणाल्या, "रस्त्यावर एवढं पाणी दिसतं, आणि या लेकींच्या नशिबी पायपीट." गाडीत कुणी बोलले नाही. चारोटीजवळून खरीखुरी सूर्या नदी वाहते. तिच्यावरच्या धामणी धरणाचे पाणी थेट वसई-विरारपर्यंत जाते. नळ उघडताना आता मला त्या बाया आठवतात.

संध्याकाळी डहाणूच्या किनाऱ्यावर चिकू खात सूर्यास्त पाहिला. विज्ञानाच्या बाईंनी नंतर सांगितले, की सूर्याचे बिंब पाण्याला टेकलेले दिसते तेव्हा सूर्य खरे तर क्षितिजाखाली गेलेला असतो. हवेतून येताना प्रकाश वाकतो आणि आपल्याला तो दोन-अडीच मिनिटे जास्त दिसतो. दुपारी फसवणारा प्रकाश संध्याकाळी असा थोडा वरकड उजेडही देतो.

तुम्हाला घरी गंमत पाहायची असेल तर रिकामा तवा तापवा आणि त्याच्या वरच्या हवेतून पलीकडच्या कॅलेंडरकडे पाहा. अक्षरे थरथरताना दिसतील. मुलांना मात्र गॅसपासून लांब उभे करा. आणि चारोटीकडे उन्हाळ्यात जाल तर सकाळी लवकर निघा, पाण्याच्या दोन बाटल्या जास्त घ्या.

जूनमध्ये शाळा उघडली. मागच्या वर्षीच्या माझ्या मुलांच्या नव्या वर्गात गेले, फोटो दाखवला आणि म्हटले, "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं." पोटात गोळा आला होता. क्षणभर शांतता, मग मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मग आणखी काय काय चुकलंय?"

सगळे हसले, मीही हसले. पण त्या दिवसापासून मुले प्रश्न जास्त विचारतात, आणि मी उत्तर देण्याआधी जरा थांबते.